सैलपणाची ऐपत

२९ मार्च १६९१. एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या किल्ल्यात एंगेलबर्ट केंपफर नावाच्या जर्मन डॉक्टरला जपानच्या शोगुनसमोर अंगावरचा डगला उतरवून दाखवावा लागला. मग ताठ बसून दाखवावं लागलं, चालून दाखवावं लागलं, नाचावं लागलं, दारू चढल्याचं सोंग करावं लागलं आणि शेवटी गाणंही म्हणावं लागलं. केंपफरने एक प्रेमगीत म्हटलं. शोगुन त्सुनायोशी आणि जनानखान्यातल्या स्त्रिया चिकाच्या पडद्याआडून ही करमणूक बघत होत्या.

केंपफर होता डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत. नागासाकीला लागून असलेल्या देजिमा नावाच्या टीचभर बेटावर १६४१पासून डचांची वखार होती, आणि जपानशी व्यापार करण्याची मुभा असलेले युरोपीय तेवढेच. या मुभेची किंमत म्हणजे दरवर्षी एदोला जाऊन शोगुनला मुजरा करायचा, नजराणा द्यायचा आणि सांगतील ते करून दाखवायचं. गुडघ्याखाली आवळलेली विजार, छातीवर बटणांची रांग असलेला कोट, टाचांचे जोडे हा सगळा पोशाख एदोच्या दरबाराला भारी गमतीचा वाटे. त्या दरबारात सगळेच घोळदार, रुंद बाह्यांच्या झग्यात. अंगाला चिकटलेले कपडे घालणारा तो प्राणी पाहण्यासारखाच असणार.

निरोप घेताना शोगुनकडून परतभेट मिळे. तबकांत घालून आणलेले रेशमी झगे, एका खेपेला तीसेक. मानाचं वस्त्र देऊन पाहुण्याची बोळवण करायची ही रीत मराठी वाचकाला नवी नाही. आपल्याकडे खिलत आणि सरपाव यांच्यावरून राजकारणं झाली आहेत. या झग्यांच्या आत रेशमाचा पिंजलेला भराव असे. वजनाला काहीच नाही आणि ऊब मात्र दुलईची. डच मंडळींनी नाचण्यागाण्याचा अपमान गिळला तो व्यापारासाठी, पण जाताना हाती पडलेले हे झगे त्यांनी विकून संपवले नाहीत. ते घातले.

हॉलंडमधला हिवाळा ज्यांनी काढला आहे त्यांना याचं कारण सांगायला नको. उंच खिडक्यांची, ओलीगार घरं आणि कोपऱ्यात धुमसणारी दलदलीतल्या मातीची शेगडी. अशा घरात दिवसभर टेबलाशी बसून हिशेब लिहिणाऱ्या व्यापाऱ्याला किंवा पुस्तक वाचणाऱ्या पंडिताला कोट काढून ठेवला तर थंडी वाजे आणि घातला तर हात हलवता येत नसे. जपानी झग्याने ही अडचण सोडवली. तिथे त्याला ‘यापोन्स रोक’ म्हणत. योहानेस फर्मेरने १६६८ साली काढलेला खगोलशास्त्रज्ञ आणि १६६९ साली काढलेला भूगोलज्ञ, दोघेही याच झग्यात आहेत. भूगोलज्ञाचं चित्र जवळून पाहावं. डाव्या खिडकीतून उजेड आला आहे, माणूस नकाशावर वाकलेला, हातात कंपास, आणि अंगावर निळा झगा. झग्याला तांबूस-नारिंगी काठ. त्या माणसाची नजर कागदावरून उठून कुठेतरी लांब लागली आहे. कंबर, मनगट, मान कुठेच काही आवळलेलं नाही. डोकं चालणाऱ्या माणसाचं अंग मोकळं असतं, हे समीकरण युरोपच्या मनात बसवायला अशी चित्रं पुरेशी होती, आणि ते पुढची शंभर-सव्वाशे वर्षं हललं नाही.

पण वर्षाला तीस झग्यांनी असं कितीजणांचं भागणार? त्यामुळे एक मोठी उचापत झाली आणि तिचं केंद्र जपानात नव्हतं. ते होतं आपल्या कोरोमंडलच्या किनाऱ्यावर.

त्याआधी लंडनमधल्या एका गिऱ्हाइकाची ओळख करून घेऊ. सॅम्युअल पेपिस हा नौदलाच्या कचेरीतला कारभारी आणि एका शिंप्याचा मुलगा. कापडाची पारख रक्तातच. १ जुलै १६६१ रोजी त्याने बाजारात जाऊन कपाटाचे खण आणि स्वतःसाठी एक ‘इंडियन गाऊन’ घेतला. खण ३३ शिलिंगांचे, गाऊन ३४चा. एका झग्याला लाकडी सामानापेक्षा जास्त पैसे! त्याची नोंद त्याने रोजनिशीत इमानदारीने केली आहे. १६६३मध्ये बायकोच्या नव्या खोलीच्या भिंतींना लावायला त्याने हिंदुस्थानी रंगीत छीट आणलं. आणि १६६६च्या मार्चमध्ये जॉन हेल्स या चित्रकाराकडे स्वतःचं चित्र काढून घ्यायला बसला तेव्हा अंगावर घालायला त्याने एक इंडियन गाऊन भाड्याने आणला. घरचा का नाही घातला, देव जाणे. बहुधा चित्रात दिसायला आणखी भारीचा हवा असेल. हातात स्वतः रचलेल्या गाण्याचा कागद, मान खांद्यावरून मागे वळवलेली. त्या पोझमध्ये मान मोडायची वेळ आली, अशी त्याची तक्रार आहे. चित्रात मात्र ऐसपैस झग्यात रेललेला, निवांत, सुखवस्तू गृहस्थ दिसतो. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत तो अजून तसाच रेललेला आहे. चित्राचे १४ पौंड पडले.

योगायोग असा, की त्याच १६६६च्या मे महिन्यात आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराज उभे होते, आणि शहाजाद्यांना, जाफरखानाला, जसवंतसिंहाला खिलती मिळाल्या पण आपल्याला नाही, हे पाहून त्यांचा संताप अनावर झाला. एकीकडे कुणी दिलेला झगा म्हणजे माणसाची जागा ठरवणारा राजशिक्का. दुसरीकडे तोच झगा गल्लीतल्या दुकानातून भाड्याने मिळतो. फॅशन नावाची गोष्ट या दोहोंच्या मधल्या अंतरात जन्माला येते, असं मला वाटतं.

आता कोरोमंडल. मच्छलीपट्टणपासून नागपट्टणपर्यंतच्या या किनाऱ्यावर डचांच्या, इंग्रजांच्या आणि पुढे फ्रेंचांच्या वखारी होत्या. नागपट्टण डचांनी १६५८ साली पोर्तुगीजांकडून घेतलं आणि १६९०च्या सुमारास आपलं किनाऱ्यावरचं मुख्य ठाणं पुलिकतहून तिथे हलवलं. तोवर आजूबाजूच्या तंजावर मुलखात व्यंकोजी भोसल्यांचं राज्य बसलं होतं. या पट्ट्यातल्या रंगाऱ्यांना एक विद्या येत होती जी तेव्हा युरोपात कुणाला येत नव्हती: सुती कापडावर असा रंग चढवायचा की धुतल्यावर तो जाऊ नये, उलट उजळावा. युरोपात तेव्हा कापडावर छापलेली फुलं पहिल्याच धुण्यात ओघळत.

ही विद्या पाँडिचेरीकडच्या कर्दू नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने १७४२ साली पत्रात लिहून मायदेशी धाडली. धर्मांतर केलेल्या रंगाऱ्यांकडून त्याने ती काढून घेतली होती. आजच्या भाषेत ही सरळ सरळ उद्योगातली हेरगिरी. काम असं चाले. कोरं कापड आधी हिरड्याच्या आणि म्हशीच्या दुधाच्या पाण्यात भिजवायचं. दुधातल्या स्निग्धपणामुळे पुढे रंगाची रेघ पसरत नाही. मग वाळवून, कुटून गुळगुळीत करायचं. कागदावर नक्षीच्या रेघांवर सुईने भोकं पाडायची, त्यांतून कोळशाची पूड गाळून आकृती कापडावर उतरवायची. काळ्या रेघा लोखंडाच्या कीटात गूळ आंबवून केलेल्या पाण्याने, बांबूच्या कलमाने काढायच्या. कलमाला वर लोकर गुंडाळलेली असते, ती बोटांनी दाबली की रंग टोकाकडे उतरतो. जिथे लाल हवा तिथे तुरटीचं पाणी भरायचं. तुरटीला स्वतःचा रंग नाही, त्यामुळे रंगारी जवळजवळ आंधळेपणाने काढत जातो. मग चाय नावाच्या एका रोपाच्या मुळांच्या काढ्यात अख्खं कापड उकळायचं, की तुरटी लागलेल्या जागी लाल उगवतो. निळ्यासाठी, निळं हवं तेवढं सोडून बाकी सगळं कापड मेणाने माखायचं आणि निळीच्या हौदात बुडवायचं. हा हौद सांभाळणारे कारागीर वेगळे. मग गरम पाण्याने मेण काढायचं, तुरटीचा दुसरा हात, परत उकळणं. मधल्या मोकळ्या जागा पांढऱ्या निघाव्यात म्हणून शेणाच्या पाण्यात घालून उन्हात टाकायचं. शेवटी तांदळाची खळ आणि घोटाई. एका ताग्याला आठवडेच्या आठवडे जात, आणि कुठल्याही टप्प्यावर पावसाची एक सर आली तर होत्याचं नव्हतं होई.

पांढऱ्या जमिनीवर रंगीत फुलं ही आपण आज ‘हिंदुस्थानी’ म्हणून ओळखतो ती छिटाची शैली. तीसुद्धा बरीचशी गिऱ्हाइकाच्या आवडीची आहे. इंग्रज कंपनीच्या लंडनच्या संचालकांनी १६४३ साली सुरतेला कळवलं होतं, की गडद तांबड्या जमिनीच्या रजया खपत नाहीत. जमीन पांढरी ठेवा आणि मधे रंगीत फांद्या-फुलं द्या. पुढे नमुनेही लंडनहून येऊ लागले. जपानी काटछाटीचा झगा, डचांच्या थंडीसाठी, इंग्रजांच्या आवडीच्या फुलांनी, तेलुगू-तमिळ हातांनी रंगवायचा. या कारागिरांपैकी एकाचंही नाव झग्याबरोबर गेलं नाही. निळीच्या हौदाशी आणि उकळत्या कढईशी उभ्या असणाऱ्या त्या माणसांच्या अंगावर बहुधा कमरेपुरतंच वस्त्र असणार.

इंग्लंडात या झग्याला ‘बनियन’ म्हणू लागले. गुजराती वाण्यांच्या सैल अंगरख्याची आठवण त्यांच्या डोक्यात असावी. त्यात दोन घाट रुळले. एक किमोनोसारखा सरळ, बाह्या अंगच्याच कापडातून काढलेल्या; दुसरा कोटासारखा बेतलेला, बाही वेगळी लावलेली, पुढे बटणं. कापड कधी छीट, कधी रेशमी दमास्क, कधी लोकरी. बाहेरून घरी आलेला गृहस्थ आधी केसांचा टोप उतरवे. टोपाखाली डोकं तासलेलं असे, त्यावर मऊ टोपी चढे. मग घट्ट कोट जाई आणि बनियन अंगावर येई. असं घरच्या कपड्यांत भेटायला येणाऱ्यांना सामोरं जाणं, हा साधेपणा नव्हे, प्रतिष्ठेचा भाग होता. मोलिएरने १६७०च्या ‘ल बुर्ज्वा जाँतियम’ या प्रहसनात नेमकं यावर बोट ठेवलं. नवश्रीमंत मसिए जुर्दॅं छिटाचा झगा घालून संगीताच्या गुरुजींसमोर मिरवतो, का, तर बडे लोक सकाळी असेच असतात असं शिंप्याने सांगितलं आहे. प्रेक्षक खो-खो हसले असणार. घरी जाऊन निम्म्यांनी तसाच झगा शिवायला टाकला असेल.

एवढं कापड येऊ लागल्यावर तिकडच्या विणकरांच्या पोटावर पाय आला. फ्रान्सने १६८६ साली रंगीत सुती कापडावर बंदी घातली ती १७५९पर्यंत टिकली. इंग्लंडनेही त्यासाठी १७०० साली एक कायदा केला, तो पुरेना म्हणून १७२१ साली दुसरा. मधल्या काळात, १७१९च्या उन्हाळ्यात, लंडनच्या स्पिटलफिल्ड्समधले रेशीम विणकर रस्त्यावर उतरले. छिटाचे कपडे घातलेल्या बायकांच्या अंगावरून ते फाडून काढले, अंगावर शाई आणि तेजाब फेकलं. बायका रस्त्यावर दिसत, म्हणून मार त्यांनी खाल्ला. पुरुषांचा बनियन घराच्या चार भिंतींत होता. दिवाणखान्यात शिरून झग्याची पारख करायला कोण जाणार? या इतिहासात बायका आणि पुरुष एकाच कापडात असूनही एकाच न्यायात कधी नव्हते.

पुरुषांनी या झग्यात आपली चित्रं काढून घेण्याचा सपाटा लावला. जेम्स थॉर्नहिलने १७१०च्या सुमारास रंगवलेला न्यूटन टोपाशिवाय, सैल झग्यात आहे. समुद्रापलीकडे बॉस्टनचा व्यापारी निकोलस बॉयल्स्टन १७६७ साली जॉन सिंगल्टन कॉप्लीसमोर बसला तो भपकेदार रेशमी बनियन आणि लाल टोपी घालून. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे डॉक्टर बेंजामिन रश तर सांगत, की सैल कपड्यांनी बुद्धी नीट चालते, आणि म्हणूनच अभ्यासू माणसं त्यांच्या ग्रंथालयात नेहमी झग्यात रंगवलेली दिसतात. स्वतःचं १७८३चं चित्रही त्यांनी झग्यातच काढून घेतलं. बुद्धी झग्यामुळे चालते की झगा घालून बसण्याइतकी फुरसत असलेल्याचीच बुद्धी लोकांच्या नजरेत येते, हा प्रश्न डॉक्टरसाहेबांना पडला नाही.

तो पडला दनी दिदरोला. विश्वकोशाचा हा संपादक चाकू-सुऱ्या करणाऱ्याचा मुलगा. मिशेल व्हान लोने १७६७ साली त्याला झुळझुळीत रेशमी झग्यात रंगवलं. दिदरोने त्यावर कुरकुर केली, की असलं भारी वस्त्र बघून कर वसूल करणाऱ्याने झग्यावर पट्टी बसवली तर बिचारा लेखक धुळीला मिळेल! पुढे पॅरिसच्या धनाढ्य मादाम जॉफ्रॅंने त्याला एक नवाकोरा किरमिजी झगा भेट दिला. त्यावर त्याने लिहिलेला छोटा निबंध त्याच्या जाड ग्रंथांपेक्षा जास्त वाचला गेला असेल. जुन्या झग्याच्या टोकाने पुस्तकावरची धूळ पुसता येई, वाळलेल्या लेखणीची शाई पुसता येई. त्या डागांवरून कळे की हा लिहिणारा माणूस आहे. नव्या झग्याला हात लावायची भीती. आणि त्या झग्याशेजारी जुनी गवताची खुर्ची, लाकडी फळी, भिंतीवरची चित्रं सगळंच दरिद्री दिसू लागलं, म्हणून एकेक करून बदलावं लागलं.  एक वस्तू घेतली की तिच्या तोलाच्या दहा घ्याव्या लागतात, या दुखण्याला अर्थशास्त्रातली आणि जाहिरातीतली माणसं आज दिदरोचंच नाव देतात.

एकोणिसाव्या शतकात पुरुषांनी काळा कोट पत्करला आणि झगा शयनगृहात परत गेला. बायकांनी मात्र तो हळूहळू बाहेर काढला. आधी दुपारच्या चहाला, तोही घरातच, कंबर आवळणारं कॉर्सेट सैल सोडून. जपानची दारं उघडल्यावर पॅरिसच्या दुकानांत किमोनो दिसू लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर्थच्या फॅशनच्या पेढीवर नोकरीला असलेल्या तरुण पॉल प्वारेने किमोनोच्या धर्तीचा एक डगला करून एका रशियन राजकन्येला दाखवला. तिने नाक मुरडलं. प्वारेने १९०३ साली स्वतःचं दुकान थाटलं आणि तोच घाट विकून नाव कमावलं. २४ जून १९११च्या रात्री त्याने आपल्या बागेत पौर्वात्य थाटाची मेजवानी दिली. जो पाहुणा तसा पोशाख करून आला नाही त्याला दारातच झगा चढवला जाई, नाहीतर घरी. कॉर्सेटमधून बायकांना सोडवल्याचं श्रेय प्वारे आयुष्यभर घेत राहिला. त्याच सुमारास त्याने घोट्यांशी इतका आवळलेला घागरा आणला, की बायकांना धड पाऊल टाकता येईना.

पुढची पायरी माराकेशची. फॅशन डिझायनर इव्ह साँ लोराँ १९६६ साली तिथे पहिल्यांदा गेला आणि मोरोक्कोच्या काफ्तान नावाच्या सैल झग्यांनी त्याचं रंगांचं गणितच बदललं. १९६९च्या जानेवारीत पॅट्रिक लिचफील्डने माराकेशच्या एका गच्चीवर टालिथा गेटीचं छायाचित्र घेतलं, मागे टोपीच्या झग्यात उभा तिचा तेलसम्राटाघरचा नवरा. गेली पन्नासहून जास्त वर्षं फॅशनची मासिकं या एका फोटोवर काफ्तान विकत आली आहेत. समुद्रकाठच्या महागड्या हॉटेलांसाठी जो सैल झगा आज विकला जातो त्याची नाळ या गच्चीशी आहे, आणि त्यातही बसलेला माणूस पेपिससारखाच: काही करायचं नसलेला, किंवा तसं दाखवू शकणारा.

आपल्याकडे मात्र सैल झग्याने नेमका उलटा संसार केला. महाराष्ट्रात ज्याला आपण नुसतं ‘गाऊन’ म्हणतो तो गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत घराघरांत शिरला, आणि तो रेलून बसण्यासाठी नव्हता. सुती, फुलाफुलांचा, पुढे बटणं किंवा चेन, बाजूला एक खिसा. त्यात पहाटे पाणी भरायचं, डबे करायचे, कपडे वाळत घालायचे. दुधाच्या केंद्रावर किंवा मुलाला बसपर्यंत सोडायला जायचं असेल तर खांद्यावर ओढणी नाहीतर टॉवेल टाकायचा, की तो बाहेरचा पोशाख झाला. नऊवारीतून सहावारीत आलेल्या बाईला कामासाठी मिळालेला हा पहिला सुटसुटीत कपडा. त्याच्या नक्षीकडे नीट पाहा: पांढरी जमीन, रंगीत फांद्या, फुलं. लंडनच्या संचालकांनी सुरतेला कळवली होती तीच मागणी, आता गिरणीत छापलेली.

त्यालाही विणकरांच्या जागी दुसरे राखणदार भेटले. २०१४मध्ये नवी मुंबईतल्या गोठिवली गावात बायकांनी दिवसा गाऊनमध्ये घराबाहेर पडू नये म्हणून फलक लागला, पाचशे रुपये दंडासह. तो लावणाऱ्याही बायकाच होत्या. २०१८मध्ये आंध्रातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यात टोकलपल्ली नावाच्या गावाने हेच केलं. पश्चिम गोदावरी म्हणजे पालकोल्लूचा जिल्हा. तिथे सतराव्या शतकात डचांची कापडाची वखार होती. टोकलपल्लीत सकाळी सात ते संध्याकाळी सात या वेळेत गाऊन घालून बाहेर दिसलेल्या बाईला दोन हजार रुपये दंड, आणि तिची चुगली करणाऱ्याला हजार रुपये बक्षीस.